पाळीव पोपटाचा स्वतःचा वास कोणता आणि पिंजऱ्याचा कोणता?

कुळागर | ९ जून, रात्री ९.४०

मिरग लागला की या विभागात दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, "पोपटाला वास मारतो, काय करू?" उत्तरंही ठरलेली असतात. कुणी कापूर सांगतं, कुणी धूप, कुणी फवाऱ्याचं अत्तर. या उत्तरांनी पक्षी दगावतात, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. निरोगी पोपटाला स्वतःचा एक वास असतो. तो मंद असतो, चांगला असतो आणि तो घालवायचा नसतो. घरात शिरल्या शिरल्या पाहुण्याच्या नाकात जातो तो वास बहुतेक वेळा पक्ष्याचा नसतोच. तो ट्रेमधल्या कागदाचा, सांडलेल्या फळाचा, ओल्या लाकडाचा असतो. हे दोन वास वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

ओळखण्याची रीत अशी. सकाळी, खाणं घालायच्या आणि अंघोळीच्या आधी, पक्षी हातावर घ्या. हाताला साबणाचा, तेलाचा, लसणाचा वास नको. मानेच्या मागची पिसं उलट्या दिशेने हलकेच फुलवून तिथे नाक न्या. मानेचीच जागा का, तर तिथे पक्ष्याची स्वतःची चोच पोचत नाही, त्यामुळे चोचीला लागलेल्या खाण्याचा वास तिथे फारसा येत नाही. मग पाच मिनिटांनी रिकाम्या पिंजऱ्यात डोकं घालून वास घ्या. दोन्हींतला फरक लगेच कळतो.

माझ्या समजुतीप्रमाणे हा वास शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीतून येतो. पक्षी चोचीने ते तेल घेऊन अंगभर फिरवतो. कुठल्या जातीचा वास कसा, आपल्याकडच्या पावसात तो कसा बदलतो आणि कुठल्या वासाला घाबरायचं, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

राळे-कांगणी | ९ जून, रात्री १०.१५

बजीपासून (बजरीगर) सुरुवात करतो, कारण गोव्यात सर्वांत जास्त तीच पाळली जाते. (बाजारात तिलाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा. वासाबद्दल विचारताना आपल्याकडे नेमकं काय आहे ते लिहा, नाहीतर उत्तर चुकतं.)

बजीचा वास अगदी हलका. कांगणीचा डबा नुकता उघडल्यावर येतो तसा, थोडा वाळल्या गवताकडे झुकणारा. कॉकाटीलचा त्याहून कोरडा आणि पिठूळ, जात्याभोवती सांडलेल्या पिठासारखा. आफ्रिकन ग्रेचा खडूच्या भुकटीसारखा. कॉन्युअरचा किंचित गोडसर, आणि तो पक्ष्यागणिक बदलतो.

पिसारा | ९ जून, रात्री १०.५०

कुळागर बाब, रीत एकदम योग्य. कारण मात्र अर्धंच बरोबर आहे.

कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर भुकटीची पिसं असतात. ही पिसं इतर पिसांसारखी ठरावीक काळाने गळत नाहीत. ती वाढतच राहतात आणि त्यांची टोकं झिजून केराटिनची बारीक पांढरी भुकटी होते. पक्षी ती अंगभर पसरवतो. तिने पिसं स्वच्छ राहतात, पाणी सहज आत शिरत नाही. कॉकाटीलचा तो पिठूळ वास या भुकटीचा आहे, ग्रंथीतल्या तेलाचा वाटा त्यात थोडा.

भुकटी पुरेशी आहे का ते पाहायला नाकापेक्षा चोच बघा. काकाकुव्याच्या आणि ग्रेच्या काळ्या चोचीवर राखेसारखा मऊ थर दिसला पाहिजे. चोच एकाएकी काळीकुळकुळीत, तेल लावल्यासारखी चकचकीत झाली तर कौतुक करू नका. भुकटी बनायची थांबली आहे असा त्याचा अर्थ, आणि चोच व पिसांच्या विषाणूजन्य रोगाचं ते एक ठळक लक्षण आहे. पक्ष्याचा नेहमीचा वास नाहीसा होणं हीसुद्धा खबरच असते.

अबोली | १० जून, सकाळी ७.०५

भुकटीबद्दल एक इशारा. भुकटीचे पक्षी आणि मकाव (लांब शेपटीचे मोठे पोपट) एका बंद खोलीत ठेवू नयेत. निळ्या-पिवळ्या मकावाला या भुकटीने फुप्फुसाचा कायमचा त्रास होऊ शकतो. माणसालाही वर्षानुवर्षं भुकटी आणि वाळक्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की फुप्फुसाची ॲलर्जी होते. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम. घरात कुणाला असं होत असेल तर डॉक्टरांना "घरी पक्षी आहे" हे न विचारताही सांगा.

ट्रे आणि जमीन कोरडी झाडू नका. आधी पाण्याचा फवारा मारा, मग ओल्या फडक्याने पुसा.

म्हादई | १० जून, सकाळी ८.३०

ग्रंथीच्या मुद्द्यावर मी पिसारांच्याही पुढे जाते. ॲमेझॉन पोपटाला ती शेपटीची तेलग्रंथी मुळातच नसते. मोठ्या निळ्या हायसिंथ मकावालाही नसते. तरी पोपट पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात दाट, कस्तुरीकडे झुकणारा गोड वास ॲमेझॉनचाच. मग तो येतो कुठून?

पक्ष्यांच्या त्वचेत आपल्यासारख्या घामाच्या ग्रंथी नसतात. पण त्वचेच्या पेशी स्वतःच स्निग्ध द्रव्य बनवतात आणि ते पिसांच्या मुळाशी उतरतं. म्हणजे तीन धागे धरायचे, त्वचेचं स्निग्ध द्रव्य, भुकटी आणि ज्यांना ग्रंथी आहे त्यांचं तेल. जातीप्रमाणे यांचं प्रमाण बदलतं.

कुळागर | १० जून, सकाळी ९.१०

ॲमेझॉनला ग्रंथी नसते हे मला ठाऊक नव्हतं. माझं विधान मागे घेतो. म्हादईताई, देव बरें करूं.

दर्यावर्दी | १० जून, सकाळी ११.२०

विषय निघालाच आहे तर न्यूझीलंडच्या काकापोचं नाव आलंच पाहिजे. उडता न येणारा, रात्री फिरणारा पोपट. त्याचा वास इतका दाट की प्रशिक्षित कुत्र्यांकडून त्याला जंगलात हुडकून काढतात. वर्णन बहुधा मध, फुलं आणि जुनाट लाकूड असं मिळून करतात. मांजरं आणि मुंगसासारखे शिकारी प्राणी माणसाने त्या बेटांवर आणले, आणि हाच वास त्या बिचाऱ्याच्या मुळावर आला.

पोपट सोडून समुद्राकडे वळायचं तर उत्तर पॅसिफिकमधला तुरेवाला ऑकलेट हा समुद्रपक्षी विणीच्या दिवसांत संत्र्याच्या सालीसारखा वास सोडतो, आणि तोही पाठीवरच्या खास पिसांतून, शेपटीच्या ग्रंथीतून नव्हे. उलट टोकाला आपला हुदहुद. घरट्यात बसलेल्या मादीच्या ग्रंथीतून कुजल्यासारखा वास येतो. तो त्यात राहणाऱ्या जीवाणूंमुळे, आणि तेच जीवाणू अंड्यांचं रक्षण करतात. म्हणजे घाण वास हाही निरोगी असू शकतो. पोपटाच्या बाबतीत मात्र नाही.

साळ नदी | १० जून, दुपारी १.००

वाचायला छान आहे हो सगळं, पण आता पावसाकडे वळू. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. बजी आणि कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातले. त्यांच्या पिसांना चार महिने भिंतीला हात लावला तर ओला होईल अशी हवा ठाऊक नाही. भुकटी दमट झाली की दाण्यांच्या फोलात आणि सळ्यांच्या सांध्यात चिकटून बसते. मग जो येतो तो ओल्या पिठाचा वास. पक्षी ठणठणीत, वास पिंजऱ्याचा.

माझ्या यादीत पावसातले दोषी क्रमाने असे. पहिला, लाकडाचा भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा. वरून कोरडा दिसतो आणि खालून बुरशी धरतो. ट्रेमध्ये साधं वर्तमानपत्र घाला, चार-पाच घड्या एकावर एक, आणि रोज वरची एक काढा. पावसात दिवसातून दोनदा. दुसरा, लाकडी दांडे. विष्ठा मुरते, धुतले तर वाळत नाहीत. दोन जोड ठेवा. एक पिंजऱ्यात, दुसरा घासून, धुऊन चुलीच्या वरच्या फळीवर किंवा ऊन पडेल तेव्हा उन्हात. पेरूची फांदी उत्तम, कडुनिंबाचीही चालते. काजूची टाळा, तिचा चीक जाळणारा असतो. तिसरा, कापडी झोपाळे आणि सुतळीची खेळणी. जून ते सप्टेंबर ती काढूनच ठेवा.

तांबडी माती | १० जून, दुपारी २.४५

पिंजरा धुण्याची रीत कुणीतरी नीट लिहा. लोक फिनेल ओततात.

साळ नदी | १० जून, दुपारी ३.३०

फिनेल अजिबात नको. पक्ष्याला त्याची वाफही बाधते आणि सळीवर राहिलेला अंश चोचीतून पोटात जातो.

आठवड्यातून एकदा, पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवून. आधी कोमट पाण्याने भिजवून दहा मिनिटं ठेवा, वाळलेली विष्ठा मऊ पडते. मग भांडी घासायच्या पातळ साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, सांधे आणि ट्रेच्या खाचा विशेष. स्वच्छ धुवा. घाण गेल्यावरच निर्जंतुकीकरण, कारण विष्ठा राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्च होतो आणि जंतू तसेच राहतात. घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ३० भाग, रोजच्या रोज नवं बनवायचं. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. ब्लीचचा वास येत असेल तोवर पक्षी आत नको.

व्हिनेगर वापरायचं तर पांढरं, एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. विष्ठेचा पांढरा थर आणि पाण्याचे क्षार त्याने सुटतात. पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो माणसालाही घातक आहे, आणि पक्षी तर माणसाच्या कितीतरी आधी मरेल.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक बघा. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीवर पांढरी पूड धरते. ती जस्ताची, पोपट चोचीने ती खरवडून खातो आणि विषबाधा होते. नवा पिंजराही वापरण्याआधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून धुवा. जमल्यास स्टेनलेस स्टीलचा घ्या.

राळे-कांगणी | १० जून, सायंकाळी ५.१०

खाण्याच्या वासाबद्दल. सूर्यफुलाचं बी फोडून वास घ्या. जुन्या तेलासारखा खवट आला की सगळी पिशवी फेका. शेंगदाण्यावर बुरशीचा वास असेल तर तो पक्ष्याला बिलकूल नको. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि भाजल्याने ते पुरतं जात नाही.

पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढंच धान्य आणा. आणल्या आणल्या दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे पतंगाची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार पिशवी लगेच उघडली तर दाण्यांवर दव धरतं आणि तिथेच बुरशीची सुरुवात होते. मग घट्ट झाकणाचा डबा.

मोड आणायचे असतील तर दर आठ तासांनी धुवा. मोडाला गोडसर ताजा वास हवा. आंबूस किंवा बुळबुळीत लागले तर मोह न धरता टाका. चिरलेलं फळ आणि शिजवलेलं अन्न दोन तासांनी उचला.

अबोली | १० जून, सायंकाळी ६.००

अन्नाचा आणि ग्रंथीचा संबंधही सांगायला हवा. नुसत्या बियांवर वाढवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्वचेचं आणि ग्रंथींचं अस्तर जाड होतं, शेपटीची ग्रंथी तुंबते, पिसं कोरडी आणि विस्कटलेली दिसतात. पिसं बाजूला करून बघा. शेपटीच्या मुळाशी छोटा उंचवटा आणि त्यावर पिसांचा एक बारीक झुपका, एवढंच दिसायला हवं. सूज, लाली, खपली दिसली तर स्वतः दाबू नका.

रोजच्या जेवणात शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, भोपळी मिरची. तांबडी भाजीही चालते, पण आठवड्यातून दोनदा पुरे, तिच्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे कॅल्शियम अडतं. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी कधीच नाही.

तांबडी माती | १० जून, रात्री ८.२०

पाण्यात सफरचंदाचं व्हिनेगर घालतात ना? त्याने तोंडाचा आणि विष्ठेचा वास जातो म्हणतात.

पिसारा | १० जून, रात्री ९.००

माझा विरोध आहे. वास येतोय तर तो का येतोय हे शोधायचं सोडून आपण त्यावर झाकण घालतो. पाण्याची चव बदलली तर काही पक्षी पाणी पिणंच कमी करतात, आणि छोट्या पक्ष्यात पाण्याची तूट लवकर जिवावर येते. पाणी दिवसातून दोनदा बदला, वाटी रोज घासा. वाटीच्या आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर जीवाणूंचा थर आहे.

राळे-कांगणी | १० जून, रात्री ९.२५

अगदीच निरुपयोगी म्हणणार नाही. पशुवैद्याने यीस्ट पाहून सांगितलं असेल तर ठरावीक दिवस देतात. पण घरच्या घरी, अंदाजाने, कायम चालू ठेवायला माझाही विरोधच.

अबोली | ११ जून, सकाळी ७.४०

आता आजाराचे वास, कारण खरा प्रश्न तोच आहे.

निरोगी पोपटाच्या ताज्या विष्ठेला जवळजवळ वास नसतो. तीन भाग दिसतात, हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. ती उग्र, कुजकी किंवा मासळीसारखी येत असेल तर आतड्यात जीवाणू बिघडलेत असं धरा. अपवाद एकच. अंड्यावर बसलेली मादी बराच वेळ रोखून ठेवते आणि एकदम मोठी, वासाची विष्ठा टाकते. ते स्वाभाविक आहे.

तोंडाला आंबलेल्या पिठाचा वास, बरोबर मान हलवून दाणे उडवणं आणि डोक्यावरची पिसं चिकट, म्हणजे गळ्याच्या पिशवीत यीस्ट किंवा अडकलेलं अन्न. हाताने भरवलेल्या पिल्लात हे फार होतं. भरवायचं पातळ पीठ ३९ ते ४१ अंश सेल्सिअस हवं, मापकानेच बघा. थंड असेल तर पिशवी रिकामी होत नाही आणि आत आंबतं. जास्त गरम असेल तर पिशवी भाजते. उरलेलं पीठ परत गरम करून देऊ नका.

मार्च ते मे काजूच्या दिवसांत एक घोळ होतो. अंगणात बोंडं आंबत असतात, शेजारी भट्टी चालू असते, सगळ्या वाड्यालाच आंबूस वास. अशा वेळी पक्षी घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन चोचीजवळ नाक न्या, मगच ठरवा. आणि काजू बिया भाजण्याच्या धुरापासून पक्षी लांब ठेवा. टरफलातल्या तेलाचा तो धूर डोळ्याला आणि श्वासाला जाळतो.

म्हादई | ११ जून, सकाळी ९.१५

अबोलीताईंच्या यादीला जोडून एक गोष्ट ठळक लिहिते. सिटाकोसिसला (पोपटांपासून माणसालाही होणारा जीवाणूंचा आजार) वास नसतो. पिवळट हिरवी विष्ठा, फुगून बसणं, शिंका, डोळ्यांतून पाणी ही त्याची लक्षणं. काही पक्षी तर लक्षणाविना जंतू टाकत राहतात. माणसाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला येतो. पक्ष्याचा उपचार डॉक्सिसायक्लिनचा, रूढ मुदत ४५ दिवस, मध्येच सोडला तर आजार उलटतो.

म्हणून मूळ पोस्टमधली नाक लावायची रीत नव्या पक्ष्यावर पहिल्या दिवशी करू नका. आधी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांनी, आणि पशुवैद्याकडून तपासणी. मग खुशाल नाक लावा.

कुळागर | ११ जून, सकाळी १०.००

हे मूळ पोस्टमध्ये वरच जोडतो.

दर्यावर्दी | ११ जून, दुपारी १२.३०

कीर पाळलाय त्याचाही वास सांगा की कुणीतरी. गावात तोच जास्त दिसतो.

व्यवस्थापक | ११ जून, दुपारी १.१०

सूचना. आपल्याकडचे पोपट, म्हणजे कीर, तुई, निळ्या पंखांचा पोपट, लटकन पोपट, हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. घरट्यातून पडलेलं किंवा जखमी पिल्लू मिळालं तर वन खात्याला कळवा. परदेशी पोपटांपैकी बऱ्याच जातींची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर करावी लागते. आफ्रिकन ग्रे २०१६ च्या निर्णयानंतर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्याची कागदपत्रं जपून ठेवा. कीर पाळण्याबद्दलचे सल्ले इथे राहणार नाहीत.

पिसारा | ११ जून, दुपारी २.००

बरोबर. आणि खरं सांगायचं तर किराचा वास घ्यायचा असेल तर जांभळाखाली उभं राहावं.

तांबडी माती | ११ जून, सायंकाळी ४.४५

अंघोळ घातली की वास वाढतो असं का वाटतं? आणि पावसात अंघोळ घालायची की नाही?

राळे-कांगणी | ११ जून, सायंकाळी ५.३०

ओली पिसं जास्त वास सोडतात, कारण ओल्याबरोबर त्वचेचं स्निग्ध द्रव्य आणि भुकटी दोन्ही सुटतात. ओल्या गोधडीसारखा जड वास येतो तो त्यामुळे. पक्षी घाण झालाय असा त्याचा अर्थ नाही. वाळला की तोच वास हलका होतो.

पावसातही अंघोळ हवी, कॉकाटीलला आठवड्यातून दोन-तीनदा. वेळ सकाळी दहा ते बारा, म्हणजे झोपायच्या आधी मुळापर्यंत वाळतो. साधं कोमट पाणी, शाम्पू-साबण काही नाही, कारण त्याने पिसांचं तेल जातं आणि पक्षी भिजून गारठतो. फवारा हातभर अंतरावरून, डोक्याच्या वर धरा, पावसासारखा खाली पडू द्या. चेहऱ्यावर मारू नका. पंख उघडले, मान खाली घातली तर त्याला हवंय. मागे सरकला तर थांबा, उथळ ताट ठेवा, स्वतः उतरेल. छताचा पंखा बंद. केस वाळवायचं यंत्र वापरू नका, काहींच्या आतल्या भागांना नॉनस्टिकचा मुलामा असतो.

साळ नदी | ११ जून, सायंकाळी ६.१०

नॉनस्टिक निघालं म्हणून चवथीचं (गणेशचतुर्थीचं) आत्ताच सांगून ठेवतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला आणि साधारण २६०-२८० अंशांच्या पुढे गेला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. माणसाला त्याचा वास येईलच असं नाही. नेवऱ्या (करंज्या) तळायला लोखंडी किंवा स्टीलची कढई घ्या आणि पक्षी स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत, दार बंद, खिडकी उघडी. धूप, कापूर, अगरबत्ती, मच्छर कॉइल, डांबरगोळ्या आणि सुगंधी तेलाचे दिवे यांच्यासाठीही हाच नियम. पक्ष्याची श्वासाची व्यवस्था हवेतलं सगळं आपल्यापेक्षा फार वेगाने रक्तात ओढते. डासांसाठी पिंजऱ्याला बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. माटोळीतली (गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीतली) रानफळं कितीही ताजी दिसली तरी पक्ष्याला घालू नका.

म्हादई | ११ जून, रात्री ८.५०

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण एक गोष्ट सुटली. कुळागर बाब, तुम्ही जात विचारलीत, पण एकाच पक्ष्याचा वासही वर्षभर एक नसतो. पिसं बदलायच्या दिवसांत नव्या पिसांची पापुद्र्यासारखी आवरणं तुटतात, धूळ वाढते आणि वास कोरडा, दाट होतो. विणीच्या काळात काही ॲमेझॉन आणि पायोनस जातीच्या पोपटांचा वास जास्त उग्र येतो. पायोनस घाबरला की फुसफुसतो आणि त्याच वेळी कस्तुरीसारखा वास वाढतो. बजीत तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नराच्या ग्रंथीतल्या तेलात ठरावीक मेणचट अल्कोहोलं जास्त सापडली आणि मादीने ती वासाने ओळखली. म्हणजे तो वास त्यांच्यासाठी भाषा आहे. आपण त्यावर अत्तर मारतो तेव्हा दोन पक्ष्यांमधलं बोलणंच बिघडवतो.

अबोली | ११ जून, रात्री ९.३०

म्हणूनच एका कागदावर नोंद ठेवा असं मी सुचवीन. दर रविवारी सकाळी तीन शब्द, मानेचा वास, विष्ठेचा वास, वजन. वजन ग्रॅमच्या काट्यावर, उपाशीपोटी. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅम, बजी ३० ते ४० ग्रॅम. वजन एक दशांशाने उतरलं आणि त्याच आठवड्यात वासही बदलला असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा. जाताना त्या दिवशीचा ट्रेमधला कागद घडी घालून पिशवीतून न्या, ताज्या विष्ठेवरून लगेच तपासता येतं.

तांबडी माती | ११ जून, रात्री १०.०५

आत्ताच कॉकाटीलच्या मानेला नाक लावून बघितलं. जात्याभोवतीचं पीठ, अगदी तसंच. आणि पिंजऱ्यात डोकं घातलं तर ओल्या दांड्याचा वास, कोपऱ्यातल्या जाड फांदीचा.

साळ नदी | ११ जून, रात्री १०.२०

ती फांदी आत्ताच काढा, सकाळची वाट बघू नका. तिच्या खालच्या बाजूला, जिथे ती सळीला टेकते तिथे, नखाने खरवडा. काळसर किंवा हिरवट पूड आली तर ती फांदी चुलीत, परत पिंजऱ्यात नाही.